अंकिताच्या कानामागचं काळं

मित्रांनो, मी एक जुनी काजळाची डबी आहे. पितळेची, झाकणावर मोर असलेली. भामाआजी लग्न होऊन शिरढोणहून करंजाड्याला आल्या, तेव्हा मी त्यांच्यासोबत आले. दिव्यावर धरलेली काजळी तुपात खलून त्या मला भरत. या घरातल्या प्रत्येक बाळाच्या कानामागे माझं काजळ लागलं. पुढे दुकानातल्या काजळपेन्सिली आल्या आणि मी कपाटाच्या तळाशी गेले. फार राग आला होता मला. तिथेच राहिले असते तर बरं झालं असतं.

जमीन सरकारने घेतली, मोबदल्याच्या पैशांतून बंगला आला. जिन्याला कठडा बसायचा होता, पण सगळ्यांना गृहप्रवेशाची घाई. त्याच दिवशी आजींची नात अंकिता जिन्यावरून खाली फरशीवर डोक्यावर आपटली. पोर शुद्धीत होती, बोलत होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी घरी सोडलं. पण तिच्या आईला, सुनीताला, बजावलं, "लक्ष ठेवा. उलट्या झाल्या, कानानाकातून पाणी आलं, कानामागे काळंनिळं दिसलं, तर लगेच आणा. कवटीचं हाड मोडल्याची ती खूण असते."

घरी येताच आजींनी मला शोधून काढलं. "माज्या पोरीला नजर लागली," म्हणत दोन्ही कानांमागे काजळ फासलं.

सुनीता खरंच लक्ष ठेवून होती. दुसऱ्या दिवशी तिने केस बाजूला केले, तर उजव्या कानामागे काळं पसरलेलं.

"आये, ह्ये काय?"

"अगो, काजल हाय ते. घामानं पसरलंय."

कानातून पाणी आलं, तेही आंघोळीचं ठरलं. मग ताप चढला, मान ताठ झाली. तेव्हा कुठे सुनीताने तेलाच्या बोटाने कानामागचं पुसलं. माझं काजळ निघालं. खालचं काळं निघेना. तिचं ते ओरडणं मला अजून सहन होत नाही.

दवाखान्यात अंकिता वाचली, पण मोडलेल्या हाडातून मेंदूपर्यंत गेलेल्या जंतूंमुळे तिला आता ऐकू येत नाही. आई मागून हाका मारते आणि ती खेळतच राहते.

आणि लोक काय म्हणतात? "भामायच्या काजलानं पोर वाचली!" आजींनाही ते पटलं आहे. मला देवघरात जागा मिळाली. बायका मला मागून नेतात. असला मान माझ्या वैऱ्यालाही मिळू नये.

मित्रांनो, कोणी डोक्यावर पडलं तर कानामागे काही लावू देऊ नका. ती जागा उघडी ठेवा, उजेडात बघत राहा, काळं दिसलं तर दवाखाना गाठा. मोठी माणसं माझं ऐकत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. आज शेजारचा हृतिक सायकलवरून डोक्यावर पडला. त्याची आई मला घेऊन घराकडे धावते आहे आणि तिने झाकण आधीच उघडलं आहे.