नवव्या महिन्यात बाळ निजतं

आमच्या टेमघरच्या आळीत कुणाचे दिवस भरत आले की आधी डॉक्टरला फोन जात नाही, मला हाक येते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी बढाई आहेच. मी काही शिकलेली सुईण नाही, पण माझी तिन्ही बाळंतपणं घरात झाली, दोन जावांची मी केली. पुढं सगळ्या हॉस्पिटलात जायला लागल्या, तरी कळ खरी की खोटी हे आधी गुणाबाईला विचारायचं आणि मग रिक्षा बोलवायची, असा रिवाजच पडून गेला. माणसाला लोक सारखं विचारायला लागले की त्याला वाटायला लागतं, आपल्याला सगळं येतं.

मृणाली माझी सून, दीपेशची बायको. माहेर पडघ्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत, पण तिची आई ती लहान असतानाच गेली. म्हणून मीच म्हटलं, पोरगी इथंच राहील, मी आहे ना. व्याह्यांनी हात जोडले. त्यांना केवढा धीर आला होता तेव्हा.

दोन वर्षांपूर्वी, नववा लागून आठ-दहा दिवस झाले असताना ते बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. आम्ही हॉस्पिटलात पोचलो तेव्हा मशीनवर ठोके लागलेच नाहीत. तिथल्या कुणाची काही चूक नव्हती, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. चूक कुणाची ते मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं. त्याच्या आठवडाभर आधी मृणाली चुलत बहिणीच्या हळदीला पडघ्याला गेली होती, मी नको नको म्हणत असताना. रस्त्याचं काम चाललेलं, रिक्षा खड्ड्याखड्ड्यांतून आदळत गेलेली. त्या रस्त्यानं माझी नात खाल्ली, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. कधी तिच्या मागं, कधी तिच्या देखत. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. मला वाटायचं, चुकली आहे म्हणून ऐकते.

यंदा तिला पुन्हा दिवस गेले आणि मी कंबर कसली. दुधानं तोंड पोळलेलं, आता ताकसुद्धा फुंकून प्यायचं. पडघा बंद. स्कूटर बंद. तपासणीची एकही तारीख चुकू दिली नाही. सातव्या महिन्यात हॉस्पिटलातल्या रीमा सिस्टरनं एक कागद हातात दिला. शनिवारी अकरा वाजता गरोदर बायकांसाठी वर्ग असतो, श्वास कसा घ्यायचा, कळा कशा ओळखायच्या ते सगळं शिकवतात आणि शेवटी प्रसूतीचा वॉर्ड दाखवतात, म्हणजे ऐनवेळी बाई घाबरत नाही. सोबत घरातलं एक माणूस चालतं. नाव गुरुवारपर्यंत द्यायचं.

एरवी मी असल्या गोष्टींना हसले असते. मूल होणं काय वर्गात बसून शिकायचं असतं? पण या खेपेला कुणी म्हटलं असतं की डोक्यावर उभं राहिल्यानं बाळ जगतं, तर मी उभी राहिले असते. मी लगेच म्हटलं, जायचं.

मृणाली म्हणाली, नको.

कारण विचारलं तर म्हणाली, मला ते सगळं माहीत आहे, मोबाइलवर बघितलंय. मी म्हटलं, मोबाइल काय बाळंतपण करणार आहे तुझं? दीपेशला मध्ये घातलं. तो गोदामात सुपरवायझर, शिफ्ट संपवून येतो तो अर्धा झोपेतच. म्हणाला, तुम्ही दोघी ठरवा. या घरात त्या गेलेल्या पोरीचा विषय कुठूनही जवळ आला की तो असाच बाजूला होतो, आंघोळीला जातो, नाहीतर गाडी पुसायला. तीन दिवस मी मृणालीच्या मागं लागले होते. शेवटी ती म्हणाली, जायचंच तर मी एकटी जाते, तुम्ही कशाला त्रास घेता. मला ते चांगलंच झोंबलं. इतकं केलं हिच्यासाठी आणि मीच नको?

मग मला वाटलं, माझ्या लक्षात आलं. ती वॉर्डाला घाबरते. तिथंच तर झालं होतं सगळं. त्या खोलीत पुन्हा जायचं तिच्या जिवावर आलंय आणि मी बरोबर असले की ते सगळं पुन्हा डोळ्यांसमोर येणार. तेव्हा माझा राग निवळला आणि कीव आली. पण भीती मोडायची तर तिथं जाऊनच, अशा विचाराची मी. गुरुवारी दुपारी ती निजलेली असताना मी स्वतः फोन केला आणि दोन नावं दिली. तिला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. म्हणाली, ठीक आहे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला भीतीचंच वाटलं.

शनिवारी दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. आठ-नऊ बायका, बहुतेकींच्या बरोबर सासू नाहीतर आई, एकीचा नवरा कोपऱ्यात लाजून बसलेला. निम्म्या बायका पॉवरलूमवर काम करणाऱ्यांच्या घरच्या, यूपीकडच्या, त्यामुळं रीमा सिस्टर एक वाक्य हिंदीत बोलायची आणि एक मराठीत. श्वास शिकवला, कुशीवर कसं वळायचं ते शिकवलं. मला बरंचसं ठाऊक होतं. शेजारच्या बुरख्यातल्या म्हातारीला मी हळूच दोन-तीन गोष्टी जास्तीच्या सांगितल्या, तीही माना डोलवत होती. मी खुशीत होते, हे कबूल करते. मृणाली माझ्या डाव्या हाताला बसली होती, पाठ भिंतीला टेकून.

मग सिस्टरनं विचारलं, नवव्या महिन्यात एखाद्या दिवशी बाळ कमी हललं तर काय समजायचं?

मी हात वर करायला लागले तसा मृणालीनं माझा पदर ओढला. "आई, राहू द्या ना," ती हळू आवाजात म्हणाली. मला वाटलं, चारचौघांत सासूनं तोंड उघडावं याची हिला लाज वाटते. मी पदर सोडवून घेतला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हटलं, "घाबरायचं न्हाय. दिवस भरले की बाळ खाली उतरतं, त्याला हलायला जागा ऱ्हात न्हाय. नवव्या महिन्यात बाळ निजतं. थोडं गूळपाणी घ्यायचं आन् आडवं व्हायचं."

शेजारची म्हातारी म्हणाली, हमारे यहाँ भी यही बोलते हैं. दोघी-तिघींनी माना हलवल्या.

रीमा सिस्टर हसली नाही, रागावलीही नाही. "मावशी, तुम्ही बोललात ते बरं झालं," ती म्हणाली. "कारण हीच चूक बहुतेक घरांत होते. बाळ शेवटच्या दिवसापर्यंत हलतं. निजलं तरी थोड्या वेळानं उठतं. रोजच्यापेक्षा हालचाल कमी वाटली तर त्याला त्रास होत असेल, असं समजायचं. गोड खाऊन वाट बघायची नाही, सकाळ होईपर्यंत थांबायचं नाही, कुणाला विचारत बसायचं नाही. उठायचं आणि यायचं." मग तिनं तेच सगळं हिंदीत सांगितलं.

ते सगळं हिंदीत पुन्हा ऐकेपर्यंत मला वेळ मिळाला. दोन वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते. मृणाली दारात येऊन उभी राहिली होती, पोटावर हात ठेवून. आई, आज हलत नाही, ती म्हणाली होती. मी सुपातून मान वर केली नाही. निजलंय गो, म्हटलं होतं मी. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षा बोलावली होती.

मी मृणालीकडं पाहिलं. तिला काही नवीन कळलं असेल असं तिच्या तोंडावर दिसत नव्हतं. ती खाली सतरंजीकडं बघत होती, आणि कान मात्र माझ्याकडं होते. तेव्हा मला समजलं, ती कशाला घाबरत होती. वॉर्डाला नाही. मी हे ऐकेन याला.

वर्ग संपला. सिस्टर म्हणाली, चला, आता वॉर्ड बघू. बायका एकमेकींना हात देऊन उठल्या. मृणालीही भिंतीला धरून उठली आणि तिनं मला हात पुढं केला. मी म्हटलं, तू जा, मी बसते. ती इतर बायकांच्या मागोमाग त्या दारातून आत गेली. तिला धीर द्यायला म्हणून मी आले होते आणि मीच बाहेर पॅसेजमधल्या बाकावर बसून राहिले.

पाव तास बसले असेन. किती बायकांना मी हे सांगितलं असेल, ते आठवत होते. आळीतल्या एकेकीचं तोंड डोळ्यांपुढं येत होतं. त्यांची मुलं रांगत आहेत, शाळेत जात आहेत, देवाची कृपा म्हणायची. माझ्या शहाणपणाची किंमत माझ्याच घरानं मोजली. आणि मी दोष दिला तो रस्त्याला.

मृणाली परत आली आणि माझ्या शेजारी बसली. आत बदललंय सगळं, म्हणाली, भिंतींना रंग दिलाय, खाटा नवीन आहेत. मी विचारलं, कधीपासून ठाऊक आहे तुला? ती म्हणाली, तेव्हा दीड महिन्यानं तपासायला बोलावलं होतं ना, डॉक्टरांनी विचारलं होतं, हालचाल कधी कमी झाली. मी खरं ते सांगितलं. मग मीच डॉक्टरांना विचारलं, लवकर आलो असतो तर? ते म्हणाले, कदाचित. नक्की सांगता येत नाही. दीपेशला हे ठाऊक नाही, असंही म्हणाली.

"मला तू एकदाच म्हणालीस गो," मी म्हटलं. हे मी कशासाठी म्हटलं कोण जाणे. माणूस बुडायला लागलं की काहीही धरतं.

"तीनदा," ती म्हणाली. "सकाळी, जेवताना आणि दिवेलागणीला."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. जेवतानाचं मला आठवेना, दिवेलागणीचं तर मुळीच आठवेना. विचारणारीला आठवतं, सांगणारीला आठवत नाही. तिसऱ्यांदा मीच रिक्षा बोलवायला हवी होती, ती म्हणाली, तेवढं माझं आहे. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, तुझं काही न्हाय त्यात. आई असती तुझी तर तिनं ऐकलं असतं तुझं. मी न्हाय ऐकलं. माझ्यामुळं गेली ती.

येणारेजाणारे बघत होते, बघोत. मी रडले. तिनं पाठीवर हात ठेवला, त्या पोरीनं, जिच्याकडं मी तोंड वर करून बघायला नको होतं.

"दोन वर्षं मी तुला पडघ्यावरून बोलत आले," मी म्हटलं. "तेव्हाच का न्हाय सांगितलंस? गप केलं असतंस मला."

"म्हणूनच नाही सांगितलं," मृणाली म्हणाली. "तुम्ही गप्प झाला असता. घरात बाकी कोण बोलतं तिच्याबद्दल? दीपेश उठून जातो. तिला बघितलंय ते तुम्ही एकट्यांनी."

खरं होतं ते. गेलेलं मूल आईला दाखवायचं नाही, मन अडकतं, असं आमच्यात म्हणतात. तेही त्या दिवशी मीच ठरवलं होतं. मृणाली गुंगीत असताना मी त्या पोरीला कपड्यात गुंडाळलं. दीपेशनं बापाच्या हातांनी तिला नेलं, पण कपडा वर करून बघायचा त्याला धीर झाला नाही. तेव्हापासून दुपारी घरात आम्ही दोघीच असलो की मृणाली काही ना काही विचारते. रंग कसा होता? हात केवढे होते? मी एकदा सांगितलेलं पुन्हा सांगते, ती पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकते. मला वाटायचं, मी तिची समजूत काढते. ती मात्र माझी बोलणी खात होती, पडघ्याचा रस्ता उरावर घेत होती, ते एवढ्या चार गोष्टी ऐकायला मिळाव्यात म्हणून.

"आता गप्प बसू नका, आई," ती म्हणाली. "आज हे कळलं म्हणून बंद नका करू. सांगा ना."

इथं? मी विचारलं. ती म्हणाली, इथंच. समोर लिफ्टचं दार उघडत होतं, मिटत होतं. एक बाई बाळ घेऊन घरी निघाली होती आणि तिच्या मागं तिची माणसं पिशव्या घेऊन चालली होती. मृणालीनं तिकडं पाहिलं नाही, ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

आयुष्यभर मला कधी शब्द शोधावा लागला नाही. तेव्हा शोधावा लागला. "केस होते गो," मी म्हटलं. "दाट. कपाळावर आलेले, वले. मी ते पदरानं मागं सारले." मी पुन्हा सुरुवात केली. "आन् उजव्या कानाची पाळी..."

"दुमडलेली," मृणाली म्हणाली. "पुढं सांगा."