हॉलिसचा हात

टप्. पहाटेची वेळ, सगळं घर झोपलेलं, आणि मोरीतल्या पातेल्यात नळाचा एक थेंब पडला. मग बऱ्याच वेळाने दुसरा.

मॅरिबेथ उठून स्वयंपाकघरात आली, तर तिचे वडील, हॉलिस, तिच्याआधीच शेगडीपाशी उभे.

"डॅडी, नळ बंद करा आता. पाइप गोठू नयेत म्हणून थेंबथेंब सोडला होता, पण ती गोठायची रात्र होऊन तीन दिवस झाले. फुटायचे ते पाइप फुटले असते एव्हाना."

"असू दे गं. तेवढीच सोबत."

त्यांनी उकळती कॉफी पत्र्याच्या मगात ओतली आणि मगाचा कान न धरता तो सरळ मुठीत घेतला. मॅरिबेथने ते पाहिलं. पण तेवढ्यात तिची पाच वर्षांची मुलगी ओपल बुटाची नाडी घेऊन समोर आली आणि त्याबद्दल विचारायचं तसंच राहून गेलं.

सोमवारपासून मॅरिबेथ दातांच्या दवाखान्यात कामाला लागणार होती. ओपलची शाळा दुपारी सुटायची. तिथून पुढे संध्याकाळपर्यंत ती आजोबांकडे, आणि हॉलिसची दुपार म्हणजे तळ्यावर बोट आणि गळ. म्हणून मॅरिबेथने आधीच सांगून ठेवलं होतं, एकदा मी बरोबर येणार, तुमचं दोघांचं कसं चालतं ते डोळ्यांनी बघणार.

"परीक्षा घेतेस होय माझी?" त्याच दुपारी बोट तळ्यात सोडताना हॉलिस म्हणाले.

"हो."

"आणि नापास झालो तर?"

"तर ओपल शेजारच्या मिसेस गँडींकडे राहील."

"त्यांच्या घरात मांजराच्या शूचा वास येतो," ओपल आजोबांना म्हणाली. "पॉपॉ, नापास होऊ नकोस हं."

ऊन स्वच्छ पडलं होतं. उत्तरेचा वारा सकाळीच थांबला होता. दक्षिण अलाबामात थंडी पाहुण्यासारखी येते, दोन रात्री राहते आणि जाते. पण बास मासा तेवढ्यानेही आळसावतो. त्याच्या तोंडासमोर किडा नाचवला तरी ढिम्म. अशा वेळी तळ्यातलं दोन-तीन अंश उबदार पाणी हुडकायचं. मासे तिथेच येऊन पडलेले असतात. हे काम हॉलिससारखं आसपास कुणाला जमायचं नाही. ते पेरापर्यंत बोटं पाण्यात बुडवायचे आणि सांगायचे. बोटीवरच्या यंत्राच्या पडद्यावर पाण्याचं तापमान दिसे, त्या आकड्यावर त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. यंत्राचं ऐकून मासे धरणाऱ्यांची ते टिंगल करायचे.

त्यांनी बोट तळ्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या खाडीत घातली. तळाशी काळा चिखल, उथळ पाणी, समोरून ऊन. हात बुडवला.

"इथेच. लोण्यासारखं आहे पाणी."

मॅरिबेथने रबरी किडा लावून गळ टाकला. हळूहळू ओढला. पुन्हा टाकला. पाऊण तास गेला, दोरीला साधा झटका नाही.

ओपलने लाइफ जॅकेटसकट वाकून पाण्यात हात घातला. "ईऽऽ! बर्फ आहे नुसता!"

"लहान मुलांना सगळंच गार लागतं," हॉलिस म्हणाले.

मॅरिबेथनेही हात घातला. मनगटापर्यंत कळ गेली. तिने मान वर करून काठाकडे पाहिलं. उत्तरेकडची, वारा अडवणारी पाइनची झाडं तोडली होती, नुसते बुंधे उरले होते. तीन दिवस वारा थेट या खाडीत घुसला असणार.

"डॅडी, हात द्या इकडे."

त्यांनी दिला. तिने त्यांच्या तर्जनीच्या टोकावर नख रुतवलं.

"नजर तिकडे करा. कुठलं बोट दाबलं?"

हॉलिस तळ्याकडे बघत राहिले. मग अंदाजाने म्हणाले, "करंगळी?"

तळव्यावर दोन फोड आले होते. सकाळच्या कॉफीच्या मगाचे.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. रक्तातली साखर. डॉक्टर म्हणतो, नसा गेल्या."

"मग इतके दिवस पाणी कसं शोधत होता?"

"आठवणीने. हात बुडवायचो तो सवयीने." ते बुंध्यांकडे बघून म्हणाले, "झाडं तोडतील हे कुठे माहीत होतं?"

"मला सांगितलं का नाही?"

"तू बोटीची किल्ली काढून घेतली असतीस."

ते खरं होतं. हॉलिसनी पडद्यावरच्या पट्टीचं टोक उचकटून पाहिलं. नखात येईना. शेवटी वाकून दातांनी ओढून काढली.

"ओपल, पुढे येऊन बस. आज हात तुझा."

जुन्या रेल्वेच्या बांधाच्या कडेने त्यांनी बोट हळू चालवली. मॅरिबेथने ओपलचं जॅकेट मागून घट्ट धरलं होतं.

"गार," ओपल म्हणाली. "गार. गारच. पॉपॉ, माझा हात दुखतोय."

"काढ मग. थांब जरा. ते बघ, कासवं."

काळ्या दगडांपाशी एका ओंडक्यावर चार कासवं उन्हाला ओळीने बसली होती. ओपलने पुन्हा हात घातला.

"इथे नाही दुखत!"

पडदा खाडीपेक्षा चार अंश जास्त दाखवत होता. मॅरिबेथने दगडांना लागून गळ टाकला आणि नुसता पडू दिला. दोरी अलगद, कुणी बाजूला सारावी तशी, डावीकडे सरकली. ओढून घेतली, तर दीडेक किलोची बासची मादी, पोट अंड्यांनी जड. हॉलिसनी तिला ओठाला धरून ओपलला दाखवलं आणि पाण्यात सोडून दिलं. मासळीच्या दातांनी त्यांचा अंगठा खरवडून निघाला होता. त्यांना ते मॅरिबेथच्या चेहऱ्यावरून कळलं.

बोट ट्रेलरवर चढवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तर? मिसेस गँडी?"

"नाही. ओपल तुमच्याकडेच. पण मी नसताना बोट नाही. काठावरून काय ते धरा."

"बरं."

"आणि शेगडीही नाही."

"आईपेक्षा कडक निघालीस तू."

"तिचीच मुलगी आहे."

हॉलिस किल्ल्यांच्या कड्यातून बोटीची किल्ली सोडवू लागले. तीनदा निसटली. मॅरिबेथचे हात पुढे होत होते, ते तिने खिशात घातले. चौथ्यांदा किल्ली निघाली, आणि त्यांनी ती तिला दिली.

गाडीकडे जाताना ओपलने एका हाताने आजोबांचा हात धरला, दुसऱ्याने आईचा. चार पावलं गेल्यावर ती आईकडे झुकली आणि हळूच कुजबुजली,

"ममा, मी हात धरलाय ते पॉपॉला कळतंय का?"