निंगव्वाचा अंगठा

ही गोष्ट १९७४ सालची. म्हैसूर राज्याचं कर्नाटक होऊन काही महिनेच झाले होते आणि सोलापुरात सीमेचा विषय निघाला की भल्याभल्यांची तोंडं कडू होत. नेमक्या त्याच वर्षी साखर पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर बोलीतल्या शब्दांचा कोश तयार होत होता.

काम कार्डांवर चालायचं. वर शब्द, खाली अर्थ, मग मूळ आणि शेवटी शब्द सांगणाऱ्याची सही नाही तर अंगठा. नियम संपादक चनबसप्पा सरांचा होता. आधी शब्द गोळा करणारी पोरं ते घरबसल्या रचून आणत, म्हणून त्यांनी तो घातला होता. कार्ड सांगणाऱ्याला पुरतं वाचून दाखवायचं, मग अंगठा घ्यायचा. अंगठा झाला की खाडाखोड नाही. बदल हवा असेल तर नवं कार्ड लिहायचं आणि त्याच माणसाचा पुन्हा अंगठा घ्यायचा.

नीलम्मा तेव्हा तेवीस वर्षांची. घरात कन्नड, शिक्षण मराठीत एम. ए. कोशावर सहसंपादक म्हणून तिचं नाव छापून येणार होतं आणि त्या नावावर कॉलेजातली नोकरी जवळजवळ ठरली होती.

एका दुपारी सरांनी मूळ ‘कन्नड’ लिहिलेली चाळीस कार्डं तिच्यापुढं ठेवली. सगळ्यात वर ‘तूप’. मूळ : कन्नड, तुप्प. सांगणार : निंगव्वा, मंद्रूप. निंगव्वा मंद्रूपच्या बाजारात तूप विकायची; नीलम्मानं अंगठा घेतला तेव्हा तिच्या तुपट बोटाला शाई धड लागलीच नव्हती. कागदावर अंगठ्याएवढा तेलकट डाग तेवढा उमटला होता.

“हे बदल. संस्कृत लिही.”

“संस्कृतात घृत, सर. त्याचं घी झालं. तूप त्यातनं कसं निघेल?”

“मला शिकवू नकोस.” सरांनी आवाज खाली आणला. “उद्या कर्नाटकवाला कुणीतरी हे पुस्तक दिल्लीत टेबलावर ठेवील. म्हणेल, बघा, यांच्या चुलीपाशीसुद्धा आमचीच भाषा. गाव आमचं.”

“म्हणू दे की! सून माहेरचं नाव सांगते, म्हणून काय नांदायची थांबते?”

“चाळीसही कार्डं नव्यानं लिही. नाही तर कोशावर तुझं नाव येणार नाही.”

“मी लिहिणार नाही. तुम्ही लिहा. आणि अंगठेही तुम्हीच आणा. नियम तुमचाच आहे.”

सर हट्टाला पेटले. बाजाराच्या दिवशी ते नवी कार्डं घेऊन मंद्रूपला निघाले. नीलम्माही निघाली, न बोलावता.

निंगव्वा पितळी डबा पुढ्यात घेऊन बसली होती. मराठी गिऱ्हाइकाला ‘तूप घे’ आणि कन्नड गिऱ्हाइकाला ‘तुप्प’, दोन्ही एकाच दमात. सरांनी कार्ड वाचून दाखवलं.

“संस्कृत? ही कोन?”

“जुनी भाषा आहे, आजी.”

“आसंल की. पर हितल्या बाजारात कदी दिसली न्हाय.”

शेजारची मिरचीवाली फिसकन हसली. सरांनी शाईचा पॅड पुढं केला. “नुसता अंगठा द्या.”

“यप्पा, ह्या पोरीनं वाचून दाखिवलं तवा येगळं हुतं. त्येला अंगठा दिला. आता त्याच अंगठ्यानं उलटं बोलू व्हय? उद्या कुनी माज्या तुपात डालडा हाय म्हनून कागद आनंल. त्येच्यावर बी देऊ?”

“तसं नाही हो...”

“मग कसं? तुजी अव्वा काय म्हनायची रं तुपाला?”

सरांनी पॅडचं झाकण लावलं. मग म्हणाले, “तुप्प.”

वर्षभरात नीलम्मानं त्यांच्या तोंडून ऐकलेला हा पहिला कन्नड शब्द.

पण परतीच्या एसटीत ते पुन्हा संपादक झाले. “कन्नड छापणार नाही.”

“खोटं छापू देणार नाही. संस्कृत छापलंत, तर तुमचाच नियम मोडलात म्हणून शब्द गोळा करणाऱ्या सगळ्यांना सांगेन. माझं नाव खुशाल काढा.”

त्यांनी काढलं. १९७६ साली कोश निघाला तेव्हा त्या चाळीस शब्दांपुढं मुळाची जागा कोरी होती, ना कन्नड ना संस्कृत.

निंगव्वा पुढं सातेक वर्षं त्याच जागी तूप विकत होती. भेसळीचा शब्द तिला कुणी कधी ऐकवला नाही. ती गेली त्या दिवशी मिरचीवालीनं तिच्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसू दिलं नाही.

सर निवृत्त होऊन मुलाकडं अकलूजला गेले. ते वारल्यावर मुलानं त्यांची कोशाची प्रत नीलम्माला आणून दिली. कोऱ्या जागांपैकी सव्वीस त्यांनी पेन्सिलीनं ‘कन्नड’ लिहून भरल्या होत्या. उरलेल्या तिनं शाईनं भरल्या.

नीलम्माला कॉलेज मिळालं नाही. मोहोळच्या शाळेत तिनं एकतीस वर्षं मराठी शिकवलं. कोशाची प्रत जिथं दिसेल तिथं, शाळेत, वाचनालयात, कुणाच्या घरी, ती पेन काढायची आणि लिहायची : कन्नड, तुप्प. सांगणार : निंगव्वा, मंद्रूप. एकदा ग्रंथपालानं हटकलं, “बाई, पुस्तकात लिहू नये.”

“मग कोरं कशाला ठेवलंत?” असं म्हणून तिनं पुढचं पान उलटलं.