पूजा झालेली गाडी

गाडी कुठे लावावी याचं शास्त्र आपल्याकडे कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे ज्याला जिथे सोय दिसते तिथे तो लावतो, आणि मग त्या जागेला देवाचं नाव देतो. नागेशला खंडेनवमीच्या पहाटे सोय दिसली ती नेमकी गल्लीच्या तोंडावर.

धारवाडच्या सुभाष रोडवरून एक चिंचोळी गल्ली आत जाते. तिच्या कोपऱ्यावर खाली नागेशचं कापडाचं दुकान आणि वर घर. दुकानासमोर फुलवाल्या बायकांनी झेंडूचे ढीग मांडले होते. रस्त्याच्या कडेला गाडी लावावी तर तिचं तोंड पश्चिमेला येत होतं, आणि पूजेला तोंड पूर्वेलाच हवं असं भटजींनी बजावलेलं. म्हणून त्याने आपली महिन्याभरापूर्वीची पांढरी गाडी गल्लीच्या तोंडात आडवी घातली. हार घातला, कोहळा फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, गाडीला कुलूप लावलं आणि किल्ली वर नेऊन देवासमोर ठेवली. हे सगळं सहाच्या आत उरकलं.

त्याच वेळी गल्लीच्या आतल्या टोकाला, सासरच्या दारात, संगीताची पिकअप उभी होती आणि तिच्यात बत्तीस पेट्या मधमाश्या होत्या.

संगीता मूळची अळणावरकडची. रानाच्या कडेला भावाच्या जागेत ती पेट्या ठेवायची आणि फुलोरा सरला की दुसऱ्या मुलखात हलवायची. आता नवलगुंदकडे सूर्यफूल फुललं होतं. काल दिवेलागणीला माश्या घरी परतल्यावर तिने पेट्यांची दारं बंद केली होती. पहाटे तीनला भावाच्या मदतीने पेट्या चढवल्या आणि ती निघाली. या कामाचा नियम सरळ आहे. बंद पेटी अंधारात हलवायची, आणि ऊन चढायच्या आत शेतावर नेऊन उघडायची. गाडी चालती असेपर्यंत जाळीतून वारा लागतो. गाडी उभी राहिली की पेटी तापते, मेण मऊ पडतं, आणि माश्या आपल्याच घरात भाजून मरतात.

मग ती वाटेत थांबली कशाला? तर सणासाठी. सासूने, इंदुमतीबाईंनी, आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "खंडेनवमीला नारळ न फोडता गाडी पुढं न्यायची नाही बघ. दारात आण, दहा मिनिटांचं काम." नवरा गणपत बेलूरच्या कारखान्यात रात्रपाळीला होता आणि तिथेही आज यंत्रांची पूजा होती. सासूचं मन मोडायला संगीताच्या जिवावर आलं. दहा मिनिटांची वीस मिनिटं झाली, नारळ फुटला, चहा झाला. आणि ती गाडी वळवून गल्लीच्या तोंडाशी आली, तर समोर आडवी पांढरी गाडी.

तिने हॉर्न वाजवला. मग जास्त वेळ वाजवला. शेवटी खाली उतरून दुकानाच्या बाजूचा जिना चढली.

नागेश नवं धोतर नेसून प्रसादाची पानं पुसत होता.

"नागेशअण्णा, गाडी जरा मागं घेता का? पेट्या भरल्यात, ऊन व्हायच्या आत पोचायचंय."

"अरेरे," तो म्हणाला, आणि ते खरंच कळवळून म्हणाला. "आत्ताच पूजा झाली की हो. किल्ली वर ठेवली."

"घ्या की मग. आठ फूट मागं, एवढंच."

नागेशने आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे चौरंगावर कापड मोजायचा गज, कात्र्या, जुना तराजू असं सगळं मांडून त्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं, आणि मधोमध ती किल्ली. चौरंगाशेजारी त्याची आई गोदावरीअक्का बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मांडलेलं शस्त्र उद्या सकाळी उठवायचं असतंय, बाई," त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून कुणी मधी हात लावलेला नाही."

"अक्का, जित्राबं आहेत आत. मरतील."

"तू पण पूजा केलीस न्हवं आत्ता? मग पूजा केलेली गाडी आज चालवतीस कशी?"

माश्यांना सण नसतो हे चौरंगासमोर बसलेल्या म्हातारीला काय सांगायचं. ती नागेशकडे वळली. तो पानं पुसत राहिला. घरात ज्याचं काही चालत नाही, तो माणूस अशा वेळी पानं फार स्वच्छ पुसतो.

साडेसहा झाले होते. तिने ओळखीच्या दोन पिकअपवाल्यांना फोन लावला. निदान पेट्या पलीकडे काढून दुसऱ्या गाडीत चढवता आल्या असत्या. पहिला म्हणाला, "अक्का, पूजा आगेद. नाळे बर्तीनि." दुसऱ्याचीही पूजा झाली होती आणि तोही उद्याच येणार होता. पोलिसांना फोन लावला, तर गाड्या उचलणारं वाहन दुपारनंतर मिळेल असं कळलं. साऱ्या गावाने आज आपापल्या चाकांना हळदकुंकू लावून ती थांबवून ठेवली होती, आणि चालायची गरज होती ती फक्त तिला.

तिला नव्हे फक्त. तिच्या पिकअपच्या मागे परशुरामची रिक्षा अडकली होती. परशुराम गल्लीतच राहायचा, संगीताच्या दोन घरं अलीकडे. रिक्षाला त्याने झेंडूच्या माळा बांधल्या होत्या आणि मागच्या सीटवर धुतलेली गोधडी अंथरली होती. त्याची बायको अनिता पाच दिवसांपूर्वी बाळंत झाली होती आणि आज तिला दवाखान्यातून घरी सोडणार होते. पहिलीच मुलगी. तिला आपल्याच रिक्षातून घरी आणायची, हे त्याने आठ महिने आधीच ठरवलं होतं.

"तुमचं थांबा, माझं तर नऊला बोलावलंय," तो म्हणाला. "चला, उचलू गाडी."

त्याने गल्लीतली चार माणसं गोळा केली. ती आली, पण चाकाखालची लिंबं बघून तिघे मागे सरले. पूजा झालेल्या गाडीला हात लावून वर्षभराचं झेंगट कोण अंगाला लावून घेणार? परशुराम आणि आणखी एकाने मागचा बंपर धरून जोर केला. गाडी जराशी हलली आणि तिचा भोंगा कोकलायला लागला. नागेश धावत खाली आला.

"काय चाललंय हे? नवी गाडी आहे, ओरखडा गेला म्हणजे?"

"मग हलव की," परशुराम म्हणाला.

"आगंगिल्ला, होणार नाही म्हणून सांगितलं न्हवं एकदा? आईला दुखवून मी काही करणार नाही. सणाचा दिवस आहे, एक दिवस समजून घ्यावं माणसानं."

समजून घ्यायचं काम नेहमी आत अडकलेल्याकडेच का येतं, असं संगीताला विचारावंसं वाटलं. राग तिच्या कानापर्यंत आला होता. पण रागात घालवायला वेळ नव्हता. ती पिकअपकडे पळाली.

साडेसात. समोरच्या घराच्या पत्र्यावरून ऊन पिकअपच्या हौद्यात उतरलं. तिने सासूला पाण्याची कळशी आणायला लावली आणि हाताने जाळ्यांवर पाणी शिंपडू लागली. माश्या जाळीला आतून घोस धरून लटकल्या होत्या. त्यांचा आवाज पहाटे एकसारखा, खालच्या सुरात होता. आता तो चढला होता, उकळीला आलेल्या आधणासारखा. पेट्या उतरवून सावलीत ठेवाव्यात तर गल्लीत बत्तीस पेट्यांपुरती सावली नव्हती, आणि तापलेली पेटी हलवली की पोळं तुटतं. तिने पाणी मारलं, आणखी मारलं. पाण्याने दहा मिनिटं बरं वाटे आणि मग पुन्हा तेच.

आठ वाजून गेले तेव्हा तिला ते दिसलं. खालच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या पेटीच्या तळातून मधाची बारीक धार हौद्यावर ओघळत होती. आत मेण वितळायला लागलं होतं. तिने पेटीला कान लावला. आवाज नव्हता.

पाच वर्षांत तिने तीन पेट्यांच्या बत्तीस केल्या होत्या. दंश खाऊन हात सुजवले होते, रानात एकटीने रात्री काढल्या होत्या. त्यातली एक गेली होती, आणि बाकीच्या तासाभरात जाणार होत्या. ती जिन्यापाशी गेली आणि खालूनच हाक मारली. नागेश वरच्या सज्जात आला.

"अण्णा, शेवटचं सांगते. गाडी काढत नसाल तर मी पेट्या इथंच उघडते."

"धमकी देतेस होय? सणाच्या दिवशी?" तो म्हणाला. "उघड की. तुझ्या माश्या, तू बघ."

तिला धमकी द्यायची नव्हती. पेटी उघडणं म्हणजे काय, ते त्या गल्लीत एकट्या तिलाच माहीत होतं. माशी एकदा बाहेर पडली की पेटीकडे तोंड करून हवेत झोके घेते आणि ती जागा ध्यानात धरते. मग दिवसभर ती तिथेच परत येणार. पेट्या त्या जागेवरून हलवल्या तर बाहेर गेलेल्या सगळ्या माश्या भटकून मरणार. म्हणजे दिवस मावळून माश्या आत परतेपर्यंत पिकअप इंचभर हलवता येणार नाही. आणि उन्हाने चिडलेल्या बत्तीस पेट्यांच्या माश्या असताना गल्लीत कुणाला पाऊल टाकता येणार नाही.

परशुराम तिच्याजवळ आला. त्याने मोबाईलमध्ये वेळ पाहिली.

"माझी रिक्षा काही निघत नाही आता. मी चालत जातो आणि दुसरी रिक्षा करून घेऊन येतो दोघींना. तुम्ही काय करणार?"

"उघडते," ती म्हणाली.

"उघडा. जीव तर वाचवा त्यांचा."

इथे तिने बोलायला हवं होतं. लेकराला आज घरात आणता येणार नाही, संध्याकाळपर्यंत दवाखान्यातच थांबवा, एवढंच वाक्य. ते तिच्या जिभेवर आलं होतं. पण ते ऐकून तो थांबला असता, नको म्हणाला असता, आणि तिच्याने मग उघडवलं नसतं. म्हणून ती गप्प राहिली, आणि तो पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवरून अंग आकसून पलीकडे उतरला आणि गेला.

तिने सगळ्यांना घरात पिटाळलं, खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. शेणीचा तुकडा पेटवून धुराचा डबा हातात घेतला, तोंडावर जाळी ओढली आणि एकेक दार उघडत गेली. माश्या लोंढ्याने बाहेर आल्या. पेटीच्या अंगावरच भिजल्या-थकल्या बसल्या काही, बाकीच्या उडाल्या. गल्लीचं आभाळ घरांमधल्या फटीएवढं, ते भरून गेलं. मग त्यांना झेंडूचे हार सापडले, रिक्षाच्या माळा सापडल्या, फुटलेल्या नारळाचं पाणी सापडलं. जाळीतून ती बघत राहिली. तिच्या पाठीवरून घाम वाहत होता आणि तिला रडू येत होतं, कारण एकतीस पेट्यांतून आवाज येत होता.

पुरती वीस मिनिटंही झाली नसतील. नागेश उपरणं डोक्यावरून ओढून जिना उतरला. त्याच्या हातात किल्ली होती.

"आईनं दिली," तो लांबूनच म्हणाला. "सज्जातून बघत होती. म्हणाली, उचल ती किल्ली, पाप असेल ते माझ्या माथी." तो गाडीत शिरला, काचा बंद होत्याच. लिंबं चिरडली गेली. गाडी आठ फूट मागे गेली. अर्धं मिनिट लागलं असेल.

गल्लीचं तोंड मोकळं झालं. समोर सुभाष रोड दिसत होता, फुलवाल्या बायका दिसत होत्या. नागेशने काच बोटभर खाली करून हात हलवला, जा म्हणून. संगीताने मान हलवून नाही म्हटलं. त्याला ते कळलं नाही, तेव्हा तिला जवळ जाऊन समजावून सांगावं लागलं. आता गल्लीच्या मधोमध आडवी होती ती तिची गाडी.

सव्वानऊला परशुराम आला. दुसऱ्याच्या रिक्षातून अनिता उतरली, कानाला घट्ट रुमाल, छातीशी गोधडीतलं गाठोडं. गल्ली मोकळी बघून परशुराम खूश होऊन पुढे निघाला होता. संगीताने दोन्ही हात वर करून त्याला थांबवलं. तो थबकला, वर पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"दिवस मावळेपर्यंत."

"तुम्हाला माहीत होतं?"

तिने होय म्हणून मान हलवली. खोटं बोलणं सोपं होतं, पण तेवढंही तिला जमलं नाही.

"मग मघाशी सांगायचं होतं की, अक्का," तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने. "मी दवाखान्यातच ठेवलं असतं. आता तिथली खाट दुसऱ्याला दिली."

अनिता उभी राहून दमली होती. पाच दिवसांची बाळंतीण, उन्हात, रस्त्यावर, आणि तिचं घर पन्नास पावलांवर. फुलवाल्या बायका बघत होत्या. गल्लीतल्या बंद खिडक्यांमागूनही लोक बघत होते, आणि संगीताला ठाऊक होतं की आज संध्याकाळी पांढऱ्या गाडीबद्दल कुणीच बोलणार नाही.

गोदावरीअक्का जिना उतरून खाली आल्या. एकेक पायरी, कठडा धरून. त्यांनी संगीताकडे बघितलं नाही. सरळ अनितापाशी गेल्या आणि गोधडीचं टोक वर करून लेकराचं तोंड पाहिलं.

"लक्ष्मी आहे की ग. नवमीला आली. चल वर, ऊन लागेल तिला. माझ्या खोलीत पलंग आहे, संध्याकाळपर्यंत पडून राहा." मग परशुरामला म्हणाल्या, "तिच्यासाठी शिरा करायला सांगते. तू पण ये."

तिघं जिन्याशी पोचली तेव्हा म्हातारी वळली आणि पहिल्यांदा संगीताशी बोलली. "तू पण उपाशीच असशील पहाटेपासून. नागेशजवळ ताट पाठवते, तिथंच बसून खा."

त्यापेक्षा म्हातारीने शिव्या दिल्या असत्या तर संगीताला सोसल्या असत्या. ती पिकअपच्या सावलीत जमिनीवर बसली. एकतीस पेट्यांच्या माश्या डोक्यावरून येत-जात होत्या, समाधानाने, झेंडूचे पिवळे पाय घेऊन. वर गोदावरीअक्कांच्या खिडकीआड लेकरू रडायला लागलं, आणि दिवस मावळायला अजून नऊ तास होते.