कडक बर्फाचा निरोप

एप्रिल लागला की एंगाडीनच्या बर्फाळ खोऱ्यातल्या त्या गावात गिसेपचा भाव वधारायचा. रोज पहाटे तो घरामागच्या उतारावर जायचा, पायातल्या स्की काढून नुसत्या बुटांनी बर्फावर उभा राहायचा आणि हवामान कार्यालयाला फोन करायचा; तिथून त्याचा निरोप गावभर जायचा. बूट बुडला नाही, म्हणजे रात्री बर्फ नीट गोठलं, सकाळी, उन्हाने ते मऊ पडायच्या आत, डोंगरावर जायला हरकत नाही. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला, तर घरी बसा. गिसेपच्या शब्दावर लोक डोळे झाकून विश्वास ठेवत आणि त्यालाही ते फार आवडे.

त्या शनिवारी तो गेलाच नाही. अंथरूण उबदार होतं, कारण एवढंच. खिडकीबाहेरचा पारा शून्याखाली दिसला आणि त्याने पलंगावरूनच कळवून टाकलं, "कडक आहे. बूट बुडत नाही."

आभाळ रात्रभर झाकलेलं होतं. ढगांनी पांघरूण घातलं की पारा काहीही दाखवो, बर्फ आतून ओलंच राहतं. हे गिसेपनेच गावातल्या पोराबाळांना शिकवलं होतं.

शेजारच्या माडलाइनाची दोन्ही मुलं, सेराइना आणि आंद्री, तो निरोप ऐकूनच निघाली. उतरताना उतारावरचं अख्खं बर्फ ओल्या सिमेंटसारखं खाली आलं. सेराइनाचा पाय मोडला. आंद्री सापडला, पण उशिरा.

हेलिकॉप्टर येईपर्यंत सेराइनाला डोंगराखालच्या गोठ्यात निजवलं होतं. गिसेप आत आला, तसा तिने त्याचा हात घट्ट धरला.

"काका, माझंच चुकलं. तुम्ही नेहमी सांगता, दहाच्या आत खाली या. मीच त्याला वर थांबवलं. अक्रोडाचा केक कापत बसले."

बाहेर कुणीतरी म्हणालं, "उशीर केला पोरांनी. गिसेपने तर बरोबर सांगितलं होतं."

गिसेपला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं, हे त्याला कळत होतं. त्याचीच त्याला जास्त किळस आली.

"सेराइना, मी आज उतारावर गेलोच नव्हतो."

ती रडता रडता हसली. "राहू द्या. माझ्यासाठी खोटं नका बोलू. तुम्हाला जमत नाही ते."

"सकाळी जमलं," गिसेप म्हणाला. "अंथरुणात लोळत फोन केला मी. तुम्ही आठला उतरला असतात, तरी तो उतार धड नव्हता. केकचा काही संबंध नाही, पोरी."

तिचं हसू हळूहळू मावळलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. बाहेर हेलिकॉप्टरची घरघर ऐकू येऊ लागली.

तिने आपला हात काढून घेतला.

"आंद्री गेल्याचं आईला मी सांगेन. हे तुम्ही सांगाल," तिने विचारलं, "की तेही मीच सांगू?"