चिमणाळ्याच्या जागी फोन

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाळणा आहे आणि मी रागावलो आहे. पाळण्याला राग शोभत नाही म्हणता? मग ऐका आणि तुम्हीच सांगा.

सिरसाळ्याच्या सुताराने मला घडवलं. माझ्या दांड्यांना लाल-हिरवा रंग दिला आणि वरच्या आडव्या दांडीला लाकडी चिमण्यांचं चिमणाळं टांगलं. मन्मथप्पा आडतदार लहानपणी माझ्यातच झोपले. पुढे त्यांची मुलंही झोपली. लेकरांना झोपवणं, एवढं एकच काम मला येतं.

मग दोन हजार तीन साली घरात मोबाइल आला. आणि त्याला रेंज कुठे मिळावी? अख्ख्या घरात फक्त माझ्या दांडीजवळ! मन्मथप्पांनी चिमणाळं काढून कोनाड्यात टाकलं, फोन कापडी पिशवीत घालून तिथे बांधला आणि तिथेच उभं राहून 'हॅलो, हॅलो' ओरडू लागले. त्याच्या खाली वीतभर अंतरावर त्यांच्या नातीचं, तान्ह्या कावेरीचं डोकं!

कावेरीची झोप उडाली. डोळा लागतो न लागतो तोच दचकायची. फोन वाजला नाही तरीही.

शेजारच्या भामाबाई म्हणाल्या, "दिष्ट लागलीय पोरीला." मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. माझ्या साखळीला बिबा बांधून झाला. फोनला मात्र कुणी हात लावेना!

कावेरीची आई शिवकांता बी.एस्सी. झालेली. एके दुपारी ती म्हणाली, "मामंजी, या फोनच्या लहरींनी झोप बिघडते का, ते शास्त्रज्ञ तपासतायत. पेपरात आलंय. रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो म्हणे."

"तपासतायत ना? मग ठरू दे की. आत्ताच कावून भेतीस? लहरी कुटं दिसतेत का?"

"ठरलं नाही म्हणूनच म्हणते. तोवर लेकराच्याच डोक्यावर कशाला?"

"मग लातूरच्या बाजारचा भाव कसा कळायचा? रेंज हितंच हाय!"

भामाबाई खुदकन हसल्या. "शिकलेल्या सुनंचं लई अवघड असतंय, अप्पा."

शिवकांताने एकदा दोघांकडे पाहिलं. "बरं. मग पाळणा आत नेते. तुमची बाज इथं टाकू. रेंज तुमच्या उशाला राहील."

"न्हाई, न्हाई!" मन्मथप्पा घाईने बोलून गेले. "माझी झोप लई हलकी हाय."

भामाबाईंचं हसू जागीच थांबलं.

माझ्या साखळ्या करकरल्या, मित्रांनो! आजोबांची झोप हलकी, आणि नातीची काय दगडाची?

शिवकांताने पिशवी सोडून सासऱ्यांच्या हातात दिली. चिमणाळं पदराने पुसलं आणि पुन्हा माझ्या दांडीला बांधलं. मन्मथप्पांनी ते सोडायला हात पुढे केला नाही. आता भाव विचारायचा असला की ते शिडीने माळवदावर चढतात. वर रेंज होतीच. इतके दिवस फक्त गुडघ्यांना त्रास नको होता!

कावेरी आता झोपते. लहरी गेल्या म्हणून, की डोक्यावरचा तो हॅलो-हॅलोचा गलका गेला म्हणून, मला ठाऊक नाही. मी लाकूड आहे. पण तुम्ही माणसं आहात ना? मग जे अजून नीट कळलेलं नाही, ते करून बघायला तुम्हाला घरातलं सगळ्यात लहान डोकंच कसं सापडतं?

आधी स्वतःच्या उशाला ठेवून बघा. माझ्या दांडीवर चिमण्याच राहू द्या.