आईचा तीळ

म्हाताऱ्यांचे चेहरे मी तांब्याच्या पत्र्यावर काढते, तळहाताएवढे. सुईनं रेघा ओढायच्या, आम्लाला त्या खोल खाऊ द्यायच्या, मग शाई भरून कागदावर छाप उठवायचा. तरुण चेहऱ्यांच्या वाटेला मी जात नाही. गुळगुळीत गालावर सुई काय कपाळ करणार?

भानगड एकच. छाप उलटा उठतो. म्हणून माणसाकडे नाही, त्याच्या आरशातल्या प्रतिबिंबाकडे बघून काढायचं. मग कागदावर सगळं सुलट येतं.

आईला फोटोतली आई ओळखू येत नाही. "ह्या कोण बाई?" म्हणून आम्हालाच विचारते. दादा म्हणतो, सोड नाद. पण मी हट्टाला पेटले होते. तिनं एकदा चित्र बघून 'ही मी' म्हणावं, बाकी मला काही नको होतं.

तिला खिडकीपाशी बसवलं, तर तिचं सगळं लक्ष आरशात. केस सारखे कर, स्वतःशीच हस, मान म्हणून जागेवर राहीना. माझं डोकं फिरलं. आरसा केला भिंतीकडे तोंड करून उभा आणि तिच्याकडेच बघून काढायला बसले. तीही मग तोंड फुगवून गुपचूप बसली.

छाप उचलला तेव्हा दादा मागेच होता. "आईचा तीळ डावीकडे ना? आणि भांगही भलतीकडेच. आयुष्य गेलं की तुझं या धंद्यात."

आरशाशिवाय काढलं की उलटं येणार, हे नवशिक्यालाही कळतं. माझा मलाच असा संताप आला की कागद फाडायलाच निघाले होते.

आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला. बराच वेळ बघितला. मग हात वर नेऊन भांगाजवळचे केस चापून बसवले, रोज आरशासमोर बसवते तसे.

"म्हातारी झाले की मी," ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. तिनं जन्मभर स्वतःला आरशातच तर पाहिलं होतं.

"कुणी काढलं हो हे?" तिनं मला विचारलं.

"मी."

"हात चांगला आहे तुमचा. तुमची आई आहे ना अजून? तिचंही एक काढून ठेवा. आमच्या वयाचा काही भरवसा नसतो."

"काढते," मी म्हटलं आणि हाताची शाई पुसायला घेतली.